ओक नाही तर वड: नाशिकमध्ये राहून ड्रुइडरी आणि विचक्राफ्ट एकत्र कसं करायचं

आमची आजी बांडगूळ हा शब्द फक्त एकाच माणसासाठी वापरायची, ते म्हणजे आमचे मधले काका, जे जन्मभर नोकरी शोधत होते आणि जेवायला मात्र टायमावर हजर असायचे. त्यामुळे ड्रुइड लोकांची (म्हणजे युरोपातल्या जुन्या केल्ट लोकांचे पुजारी) सगळ्यात पवित्र वनस्पती मिसलटो आणि मिसलटो म्हणजे आपलं बांडगूळच (सख्खं नाही, पण भाऊबंदकीतलंच), हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसत बसले होते. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की चंद्राच्या सहाव्या दिवशी, म्हणजे आपली षष्ठी धरा, पांढऱ्या कपड्यातला ड्रुइड ओकवर चढायचा, सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापायचा, खालचे लोक ते पांढऱ्या कापडात झेलायचे आणि मग दोन पांढरे बैल बळी द्यायचे. आपल्याकडे आंब्यावर बांडगूळ दिसलं तर दिंडोरीचा शेतकरीपण कोयता घेऊन वर चढतो, पण तो आंबा वाचवायला.

तर हे असं आहे. तिकडचं उचलून इकडे ठेवलं की कुठेतरी उलटंच बसतं. मी दोन-अडीच वर्षं हे करतेय, इंदिरानगरच्या फ्लॅटमधून, नोकरी सांभाळून, आईच्या शंका झेलत. तीन-चार मैत्रिणींनी वेगवेगळं विचारलं की सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हे डोक्यात पक्कं करा की जुने ड्रुइड नक्की काय करायचे ते आपल्याला फारसं माहीतच नाही. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, सगळं तोंडपाठ, आणि सीझर सांगतो की काहीजण त्यासाठी वीस-वीस वर्षं शिकत राहायचे. आपल्याला जे माहिती आहे ते रोमन लोकांनी लिहिलेलं, म्हणजे ज्यांनी इसवी सन ६० च्या सुमाराला वेल्समधल्या मोना बेटावर जाऊन ड्रुइडांची कत्तल केली आणि त्यांची पवित्र झाडं तोडली त्यांनीच. स्टोनहेंज ड्रुइडांनी बांधलं हेपण खोटं, ते त्यांच्या कितीतरी शतकं आधीचं, सतराव्या-अठराव्या शतकात ऑब्री आणि स्टकली या दोन इंग्रज अभ्यासकांनी ते नातं जोडून दिलं आणि ते काही केल्या सुटत नाही. मग १७९२ मध्ये योलो मॉर्गानुग नावाचा वेल्सचा एक गवंडी-कवी लंडनच्या प्रिमरोझ हिलवर दगडांचं रिंगण करून म्हणाला की हा बघा आमचा प्राचीन विधी. त्यातलं बरंचसं त्याने स्वतः रचलेलं होतं. अफू घ्यायचा म्हणतात. पण त्याची प्रार्थना आजही ड्रुइड लोक म्हणतात आणि मला विचाराल तर छानच आहे ती.

आणि मिक्स करण्याचं जे आपण बोलतोय ना, तेपण काही हजारो वर्षांपूर्वीचं नाही. दोन मित्रांचं काम आहे ते. एक जेराल्ड गार्डनर, ज्याने इंग्लंडमध्ये जादूटोण्याचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर विक्का, म्हणजे विचक्राफ्टचा आधुनिक पंथ, उघडपणे लोकांसमोर आणला, आणि दुसरा रॉस निकल्स, ज्याने १९६४ मध्ये ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स काढली. दोघांनाही उघड्या अंगाने उन्हात राहायच्या क्लबांची आवड, ओळख तिथलीच (नाशिककरांना याचं कौतुक ते काय, आपण दर बारा वर्षांनी कुंभमेळ्यात साधुग्राम बघतो). ड्रुइड मंडळी मुख्यतः सूर्याचे चार दिवस पाळायची, गार्डनरची मंडळी त्यांच्या मधले चार, आणि पन्नाशीच्या दशकात दोन्ही जोडून आठ सणांचं चाक तयार झालं जे आता बहुतेक पेगन, म्हणजे असे निसर्गपूजक लोक वापरतात. म्हणजे एका अर्थाने हे मिश्रण पहिल्यापासूनच होतं, पुढे २००२ मध्ये फिलिप कार-गॉम यांनी त्याला ड्रुइडक्राफ्ट म्हणून पुस्तकच लिहिलं. तुम्ही तुमचं थोडं मिसळलं तर कोणी पाप लागेल म्हणून धावून येणार नाही. फक्त काय कुठून घेतलं ते आपल्याला ठाऊक असावं, आणि हे आमच्या पूर्वजांचं पाच हजार वर्षांचं वगैरे सांगत फिरू नये.

फरक थोडक्यात सांगायचा तर ड्रुइड दिवसाउजेडी, उघड्यावर, सूर्यासमोर. विक्का रात्री, चंद्राखाली, बंद वर्तुळात. ड्रुइडांमध्ये कविता, गोष्टी, झाडं, शांत बसणं. जादू म्हणाल तर फारशी नाही. विक्कामध्ये देवी आणि देव, हत्यारं म्हणजे सुरी, कांडी, पेला, आणि मंत्र-तोडगे, पण कोणाचं वाकडं करायचं नाही ही अट. ड्रुइडांच्या तीन पायऱ्या असतात, बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड. ओव्हेट ऐकून मला वाटलेलं ओवीशी काहीतरी संबंध असेल, नाही, बार्ड म्हणजे कवी-गायक, तेव्हा ओव्या म्हणणारी आपली जात्यावरची बाई ही बार्ड झाली, ओव्हेट म्हणजे झाडपाला आणि भविष्य बघणारे. निकल्सच्या त्या ऑर्डरचा घरबसल्या कोर्स असतो, पण पैसे पौंडात, आधी वर्षभर फुकटात स्वतः करून बघा आणि मगच ठरवा.

झाड

पहिलं काम झाड धरायचं. अक्षरशः एक झाड. ओक शोधत बसू नका, नाशिकात ओक म्हटलं की आडनावच सापडेल. जुन्या केल्ट लोकांच्या भाषेत पवित्र राईला नेमेटॉन असा शब्द आहे, आणि आपण ज्या गावात राहतो तिथल्या अर्ध्या भागाचं नावच पाच वडांवरून पडलंय, याहून जास्त काय पाहिजे. पुराणातली पंचवटी म्हणजे वड, पिंपळ, बेल, आवळा आणि अशोक, ही पाच घेतली तरी पुष्कळ झाली.

माझं झाड उंबर आहे, सोमेश्वरच्या पुढे नदीकडे उतरताना. मी एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत आठवड्यातून तीनदा तिथे जाऊन वीस मिनिटं नुसती बसले, मोबाईल गाडीच्या डिकीत. पहिला आठवडा फक्त डास आणि मुंग्या, मला वाटलं काय मूर्खपणा चाललाय. मग हळूहळू दिसायला लागलं की उंबराला फळं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडालाच घड लागतात, जसं काही कोणी चिकटवलेत. एक पिकलेलं फोडलं तर आतून बारीक माश्यांसारखे किडे भुर्रकन उडाले, घाण म्हणावी तर घाण नाही, त्या वीतभर किड्यांशिवाय उंबराचं बी धरतच नाही, त्यांच्यामुळे फळाच्या आतली फुलं फळतात. वीतभर कसले, तीळभर. खाली पडलेल्यांचा आंबूस गोड वास, त्यावर बुलबुलांची भांडणं. महिनाभरात मला त्या झाडाचा दिवस कळायला लागला, कोण कधी येतं, सावली कुठे सरकते. कुठल्याही मेडिटेशन ॲपने हे दिलं नव्हतं. ड्रुइडरी म्हणजे एवढंच असं कोणी म्हटलं तरी मी वाद घालणार नाही.

ओघम नावाची लिपीही तुम्हाला व्हिडिओंमध्ये भेटेल, वीस अक्षरं, प्रत्येकाला झाड जोडलेलं, आयर्लंडमध्ये दगडांवर कोरलेली सापडते. तिच्यावर झाडांचं कॅलेंडर आहे म्हणतात ते मात्र विसाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीच्या डोक्यातून आलेलं. मी त्या बर्च-रोवनच्या नादी लागले नाही कारण ती झाडं मी आयुष्यात पाहिली नाहीत. त्याऐवजी आपले नक्षत्रवृक्ष घेतले, रोहिणीचं जांभूळ, कृत्तिकेचा उंबर, पुष्याचा पिंपळ, मघाचा वड असे सत्तावीस. हे ओघम नाही हे मला माहितीये, त्याला ओघम म्हणतही नाही, पण काम तेच करतं: पिशवीत हात घालून लाकडाचा एक तुकडा काढायचा आणि त्या दिवशी त्या झाडाचा विचार करायचा. तुकडे खाली पडलेल्या फांद्यांचेच घ्या. अंजनेरीवरून तर काहीही उपटून आणू नका, तिथे कंदीलपुष्पाची एक जात आहे जिला नावच अंजनेरीचं मिळालंय, इतकी ती तिथलीच आहे.

दिवस

आठ सण असे: ३१ ऑक्टोबरला साव्हिन, २१-२२ डिसेंबरला सगळ्यात मोठी रात्र, १ फेब्रुवारीच्या आसपास इम्बोल्क, मार्चमध्ये दिवस-रात्र समान, १ मे ला बेल्टेन, २१ जूनला सगळ्यात मोठा दिवस, १ ऑगस्टला लूनासा, सप्टेंबरमध्ये परत समान. कागदावर मस्त दिसतं. करायला गेलं की अडचण.

लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरात आठसुद्धा नाही, त्यामुळे तिथे सूर्य परत फिरला याचा आनंद माणसाला हाडापर्यंत होतो. आपल्याकडे सव्वातेरा आणि अकरा, कोणाला कळतपण नाही. वर २१ जूनला सूर्य दिसेलच याची गॅरंटी नाही, ढग असतात, पहिल्या वर्षी मी चामरलेणीच्या टेकडीवर पहाटे पाचला छत्री धरून उभी होते आणि सूर्य म्हणून एका करड्या ढगाला नमस्कार करून आले. १ ऑगस्टला तिकडे पहिली कापणी, इकडे इगतपुरीला भाताची लावणी नुकतीच उरकलेली. १ मे ला आग पेटवून उड्या मारायच्या म्हणे, चाळीस डिग्रीत, वाळलेल्या गवतात. कृपा करून डोंगरावर काही पेटवू नका, वणवा कसा लागतो ते दर उन्हाळ्यात आपण बघतो.

म्हणून मी बहुतेक तारखा तिकडच्याच ठेवल्या, एक-दोन इकडच्या सणांवर सरकवल्या, आणि आत काय भरायचं ते नाशिकचं. डिसेंबरचा सण मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्याच दिवसांत निफाडला पारा एवढा घसरतो की द्राक्षबागांत शेतकरी रात्रभर शेकोट्या करून बसतात, मणी तडकू नयेत म्हणून. एका वर्षी मामाच्या बागेत गेले होते, ओळींच्या मध्ये धूर, पायाखाली गारठलेली माती, मामा काळी घोंगडी घेऊन फिरतोय आणि दर थोड्या वेळाने हाताने घड चाचपतोय. मध्यरात्रीचा विस्तव आणि सूर्य येईपर्यंत तगून राहणं, तो सण याचाच तर आहे. (आणि हो, खरं उत्तरायण तेव्हाच सुरू होतं, संक्रांतीला नाही.) फेब्रुवारीत द्राक्षाची तोडणी आणि पळस फुलायला लागतो. बेल्टेनची मस्ती मी होळी ते रंगपंचमीला करते, जुन्या नाशकात रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात) उडी मारून आलेल्या माणसाला बेल्टेन समजावून सांगायची गरज नसते. साव्हिन पितरांचा सण, तो मी सर्वपित्रीलाच करते, ऑक्टोबरच्या शेवटी भोपळे कोरत नाही.

चंद्राचं काम सोपं आहे. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता हे घरात कोणालातरी पाठ असतंच. पौर्णिमा विक्काची, सूर्याचे चार दिवस ड्रुइडांचे, झालं मिश्रण.

प्रत्यक्ष करायचं कसं

मी गच्चीवर करते, सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून. साधारण पाऊण तास लागतो.

सुरुवात ड्रुइडांची: चारी दिशांना तोंड करून प्रत्येकीकडे शांती असो असं म्हणायचं, मोठ्याने, मराठीत. दिशांमध्ये शांती नसेल तर पुढे जायचं नाही असा त्यांचा नियम आहे, आणि खालच्या मजल्यावर भांडण चालू असेल तर मी खरंच थांबते. मग तीनदा ‘आवेन’ म्हणायचं, लांबवून, आ-ऊ-एन असं, छातीत घुमलं पाहिजे. वेल्श शब्द आहे, स्फुरण म्हणा, आतून येणारी कवितेची लाट म्हणा. ओमसारखंच आहे असं लगेच म्हणू नका, दोन्ही आपापल्या जागी राहू द्या.

मग विक्काचं वर्तुळ. घड्याळाच्या दिशेने, म्हणजे प्रदक्षिणेसारखंच, एक फेरी. तिकडे सुरी वापरतात, तुम्ही बोट वापरा नाहीतर काठी, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर सुरी घेऊन चढलात तर पुढचं वर्तुळ पोलीस चौकीत. उत्तरेला वाटीत माती, पूर्वेला उदबत्ती, दक्षिणेला दिवा, पश्चिमेला गोदावरीचं नाहीतर साधं नळाचं पाणी, तेही गंगापूर धरणाचं, म्हणजे गोदावरीचंच की. धुरी द्यायला व्हाइट सेजचा पाला वगैरे परदेशातून मागवू नका, धूप आहे, कडुनिंबाचा वाळलेला पाला आहे.

दिव्यावरून माझ्या आईने मोठा वाद घातला. दक्षिणेला दिवा कोणासाठी लावतात माहितीये ना तुला, म्हणाली. यमासाठी, धनत्रयोदशीला, तेही वर्षातून एकदाच. मी चार तत्त्वं, अग्नीची दिशा वगैरे समजावत बसले, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली ते सगळं ठीके पण माझ्या घराच्या वर नाही. शेवटी तोडगा निघाला की दिवा दक्षिणेच्या बाजूला ठेवायचा पण वात पूर्वेकडे. तेव्हापासून तसंच करते आणि आता दुसरीकडे तोंड केलेली वात मलाच बघवत नाही.

मधला भाग ज्यासाठी बसलात त्याचा. कधी नुसतं शांत बसणं, कधी काहीतरी मागणं. मागायचं असेल तर सुती दोऱ्याला नऊ गाठी मारत प्रत्येक गाठीला तेच वाक्य म्हणायचं, सगळ्यात सोपं. मी एकदा बदली व्हावी म्हणून मारल्या होत्या. बदली झाली नाही, पण नऊ वेळा तेच तोंडाने म्हटल्यावर लक्षात आलं की मला बदली नको होती, फक्त त्या एका टीमपासून सुटका हवी होती, आणि ते मी दुसऱ्या दिवशी जाऊन मागितलं. मग भाकरी-गूळ आणि काहीतरी प्यायचं, द्राक्षाचा रस चालतो, घेत असाल तर वाईन, नाशिक आहे शेवटी. थोडं कुंडीतल्या तुळशीला नको, दुसऱ्या कुठल्याही झाडाला. दिशांचे आभार मानून उलट फेरी मारली की झालं. आणि कपडे घालून. विक्काचे काही लोक विना कपड्यांचं करतात, गच्चीवर सोलरवाला कधीही येतो.

ज्यांना विधी करायला लाजायला होतं त्यांनी गोष्टीपासून सुरू करा, मला तर तोच भाग सगळ्यात आवडतो. केरिड्वेन नावाची एक चेटकी, वेल्समधल्या बाला तळ्याकाठी राहणारी. मुलगा फार कुरूप, म्हणून निदान शहाणा तरी व्हावा असं वाटून तिने वर्ष आणि एक दिवस हंड्यात काढा शिजत ठेवला. ढवळायला ग्विऑन नावाचा पोरगा. शेवटच्या दिवशी तीन थेंब उडून त्याच्या अंगठ्यावर पडले, चटका बसला, त्याने अंगठा तोंडात घातला, आणि सगळं शहाणपण त्याच्यातच गेलं, हंडा फुटला. ती मागे लागली. तो ससा झाला तर ती शिकारी कुत्री, तो मासा तर ती पाणमांजर, तो पक्षी तर ती ससाणा, शेवटी तो खळ्यात गव्हाचा दाणा होऊन पडला तर ती काळी कोंबडी होऊन त्याला टिपून गेली. नऊ महिन्यांनी तिच्याच पोटी तो जन्मला, कातडी पिशवीत घालून तिने समुद्रात सोडला, आणि तोच पुढे ताल्येसिन नावाचा थोर कवी झाला. चेटकीच्या हंड्यातून बार्ड निघाला, बघा, विचक्राफ्ट आणि ड्रुइडरी वेगळी कशी काढणार. ही गोष्ट कागद न बघता, भाचरांना, आपल्या शब्दात तीनदा सांगा. दुसऱ्या वेळी हंडा फुटताना तुमचा आवाज आपोआप बदलतो.

आता जरा गंभीर. वर मी चेटकी हा शब्द गोष्टीत वापरला, स्वतःसाठी कधीच वापरत नाही. इन्स्टावर स्वतःला विच म्हणवून घेणं स्टायलिश असेल, पण सातपुड्याच्या पाड्यांत अजून बाईला डाकीण ठरवून मारतात, गावाबाहेर काढतात. तो शब्द ज्या बायकांवर चिकटवला जातो त्यांना तो काढून ठेवता येत नाही. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, २०१३ चा, डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी आलेला. गच्चीवर दिवा लावून शांत बसणं त्यात येत नाही, पण चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणं, भूत उतरवायला मारहाण करणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं हे येतं. तेव्हा कोणासाठी ‘करून’ देऊ नका, पैसे तर मुळीच घेऊ नका, आणि तुमच्यावर कोणी केलंय, पाच हजारात काढतो असं म्हणणारा भेटला तर त्याला ब्लॉक करा, मला असे आत्तापर्यंत तीन भेटलेत.

धोतऱ्याचंही सांगून ठेवते. नेटवर चेटकिणींच्या उडायच्या मलमाच्या रेसिप्या फिरतात, त्यात धोतरा-बेलाडोना असतो, आणि धोतरा आपल्याकडे रस्त्याकडेला हवा तेवढा. महादेवाला वाहा, अंगाला लावू नका आणि पोटात तर अजिबात नको, माणूस मरतो. बांडगुळाची फळंपण खायची नाहीत. घुबडाची पिसं, नखं असलं काही विकत घेणं सरळ गुन्हा आहे.

पेठ-सुरगाण्याकडे वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते, लाकडावर वाघ आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. बघून वाटतं अरे हेच तर आपण शोधत होतो. पण ते त्यांचं आहे, कोणी बोलावलं तर जावं, मागे बसावं, दिलेलं खावं आणि घरी येऊन त्याची कॉपी करू नये. मी गेले होते तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, पोरी तुमच्यात कोणता देव. मी म्हटलं सध्या एक उंबर आहे सोमेश्वरला. ते म्हणाले, फळं पाडलीत का यंदा?